डाव्या बाजूचा उंट

१२ सप्टेंबर

ती. मावशीस चिंगीचा नमस्कार.

पोचलीस ना नीट? गुडघा काय म्हणतोय? काकांनी दिवसभरात स्वतःच्या हातानं चहा करून घेतला की तुझी वाट बघत तसेच बसून राहिले, ते आधी लिही. फोन केला असता, पण तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचं तर आमच्या वसतिगृहाच्या तिन्ही मजल्यांना आपल्या घरच्या गोष्टी कळतील. त्यापेक्षा पत्र बरं.

रविवारी तू आलीस म्हणून माझी अब्रू वाचली. आम्ही वर्गातल्या अकरा मुली गेले सहा महिने एकमेकींच्याच पोटावर सोनोग्राफीचा सराव करतोय. आता मला एकेकीचा चेहरा विसरायला होईल, पण पित्ताशय नाही. बाई म्हणतात, विशीतल्या सडसडीत पोटांवर कुणीही चित्र काढेल, खरी माणसं आणा. खरी म्हणजे ज्यांचे गुडघे दुखतात आणि ज्यांना एका दमात कुशीवर वळता येत नाही अशी. मला तुझ्याशिवाय कोण आठवणार? रागावू नकोस.

तू आत येताना एका कागदावर सही केलीस. वाचला नसशीलच. त्यात लिहिलं होतं की हा विद्यार्थ्यांचा सराव आहे, तपासणी नाही. आणि पडद्यावर काय दिसलं ते आम्ही समोरच्या माणसाला सांगायचं नसतं. तो आमचा पहिला नियम. काही वेगळं वाटलं तर गप्प राहून बाईंना हाक मारायची. पण तुझा उंट दिसल्यावर मला राहवलंच नाही!

तू घरी जाऊन काकांना सांगताना घोळ घालशील म्हणून नीट लिहिते. डाव्या किडनीची बाहेरची कड काही माणसांत जरा फुगलेली असते. वरून प्लीहा दाबते, त्यामुळे तशी ठेवण होते. पुस्तकात तिला उंटाची मदार म्हणतात. तो आजार नाही. आदल्याच आठवड्यात बाईंनी शिकवलं होतं, आणि आमच्या नोंदवहीत ‘निरोगी, पण वेगळी ठेवण’ असा एक रकाना आहे. तो वर्गात कुणाचाच भरला नव्हता. माझा पहिला! बाई तेव्हा पलीकडच्या टेबलाशी होत्या. नंतर पडद्यावर थांबवून ठेवलेलं चित्र बघून त्यांनी सही केली, ‘स्वच्छ काढलंयस’ म्हणाल्या. त्या चित्राची एक छापील पट्टी मी गुपचूप काढून घेतली. हेही नियमात बसत नाही, पण बाईंच्या तोंडून ‘स्वच्छ’ रोज निघत नाही.

स्टँडवर तू विचारलंस, एवढं शिकायचं तर डॉक्टरच का नाही? मावशी, त्याला माझे मार्क पुरले नाहीत, हे तुला माहीत आहे. पण आता मला त्याचं वाईट वाटत नाही. हे दोन वर्षांचं. पहिले सहा महिने आवाजाच्या लहरींचं गणित आणि शरीर, मग वर्षभर हा सराव, मग सहा महिने इस्पितळात वेगवेगळे विभाग: पोट, बाळंतपण, हृदय, रक्तवाहिन्या. मग मोठी परीक्षा. ती पास झाले की नोंदणी होते, क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाशिवाय कुणी मशीनला हात लावू देत नाही. पुढे हृदयाचं वेगळं शिकता येतं, शिकवता येतं, मशीन बनवणाऱ्या कंपनीत जाऊन इतरांना ते चालवायला शिकवता येतं. रिपोर्ट लिहितात ते डॉक्टर. पण मावशी, ते बघतात ते आम्ही काढलेलं चित्र. जे आम्ही दाखवणार नाही ते त्यांना दिसणारच नाही.

काकांना नमस्कार. उंटाला सांभाळ.

तुझी,
चिंगी

*

२१ सप्टेंबर

चि. चिंगीस मावशीचे आणि मावशीच्या उंटाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं आणि काकांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. ते एका किल्लीचे दात कानशीनं घासत होते, मान वर न करता म्हणाले, ‘‘बरं झालं. उंटाला पाणी कमी लागतं, नळाला रांग लावायला नको.’’ चहाचं विचारलंस. केला होता त्यांनी. भांड्याचं करपलेलं बूड मी अजून घासते आहे.

इथे सगळ्यांना कळलंय. मी सांगितलं नाही, म्हणजे फक्त प्रार्थनेला येणाऱ्या बायकांना सांगितलं. आता जिन्यात भेटल्या की ‘‘उंट काय म्हणतो?’’ विचारतात. शिवणकामवाल्या बाई तर म्हणाल्या, तुमच्या आत वाळवंट असणार हे आम्हाला तुमच्या हाताच्या सैपाकावरून वाटलंच होतं. मीठ कमी घालते म्हणून टोमणा. मी हसून सोडलं, देवाच्या दारात उभं राहून भांडू कशाला?

एक गंमत ऐक. आम्हा बायकांची सगळी तपासणी एकत्र करून घ्यायचं ठरलं होतं. दहाजणी मिळून गेल्या तर दवाखाना सवलत देतो. रक्त, छाती, पोट, सगळं. माझं नाव यादीत चौथं होतं. मी ते काढायला लावलं. म्हटलं, माझी भाची मला अर्धा तास आतून बघून बसलीय, तिच्या बाईंची सही आहे, आणखी कोण कशाला बघायला हवं? माझ्या जागी दूधवाल्याची बायको गेली, तिचं तेवढं काम झालं. बायका म्हणाल्या, घरचा माणूस त्यातला असला की असं सुख. मला फार बरं वाटलं बघ.

तुझ्या आईनं तुला माझ्या हातात दिलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस, आणि मला वाटलं होतं की हिला मी काय शिकवणार, मी मॅट्रिकपर्यंतची. आता तू मला माझीच किडनी समजावून सांगतेस.

डॉक्टर झाली नाहीस त्याचं मनात आणू नकोस. सगळं दिसतं आणि बोलायचं नसतं, हे काम बाईमाणसाला काही नवीन नाही. पास हो. देवाला रोज सांगते.

कागद संपला, समासात लिहिते: खांदा का दुखतो तुझा? त्या दिवशी सारखी चोळत होतीस.

मावशी

*

७ जानेवारी

ती. मावशीस नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला. इस्पितळ सुरू झालंय. सकाळी साडेसातला आत, आणि बाहेर येते तेव्हा हात वर उचलून केस विंचरता येत नाहीत. खांद्याचं विचारलंस, त्याचं कारण हेच. पोटावर फिरवायचा प्रोब धरून हात लांब करून दाबायचं, एका पेशंटला वीस मिनिटं, दिवसाला चौदा-पंधरा पेशंट. आमच्याकडच्या जुन्या तंत्रज्ञ बाईंचा उजवा खांदा कायमचा खाली आलाय. त्या म्हणतात, आमच्या धंद्यात अनुभव खांद्यावर मोजतात.

सध्या बाळंतपणाच्या विभागात आहे. सगळ्यांना वाटतं हे सगळ्यात आनंदाचं. असतंही. पण मंगळवारचं तुला लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

एक बाई आली, पाचवा महिना. नवरा बाहेर. मी चित्र धरलं. मावशी, मला लगेच दिसलं. जिथे लुकलुकायला हवं तिथे काही लुकलुकत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही. सगळ्या आमच्याकडेच बघतात. म्हणाली, ‘‘झोपलंय का गं ते? सकाळपासून आळशीपणा चाललाय.’’ मी म्हटलं, ‘‘जरा कुशीवर वळा.’’ वळून काहीच होणार नव्हतं, मला फक्त तिचा चेहरा दुसरीकडे जायला हवा होता. जुन्या बाईंना खूण केली. त्यांनी प्रोब घेतला, सावकाश बघितलं, म्हणाल्या, ‘‘डॉक्टरांना एकदा बघू दे हं.’’ तेवढंच. डॉक्टर दुसरीकडे होते. त्यांना यायला पस्तीस मिनिटं लागली. ती पस्तीस मिनिटं मी तिच्या पोटावरचं जेल पुसत होते, चादर नीट करत होते, आणि ती मला बाळासाठी विणलेल्या मोज्यांचं सांगत होती. मला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

बाहेर आल्यावर जुन्या बाई म्हणाल्या, ‘‘चेहरा शिक. हात आलाय तुझा, चेहरा नाही आला.’’ आता मी आरशासमोर सराव करते. काही दिसलं तरी पापणी हलायची नाही.

तुझी तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात काही लिहिलं नाहीस, म्हणजे बरीच असणार.

चिंगी

*

३ एप्रिल

चि. चिंगीस आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र मी काकांना वाचून दाखवलं नाही. त्या बाईसाठी प्रार्थना केली. नाव माहीत नव्हतं, देवाला म्हटलं, मोजेवाली. तो समजेल.

इकडे सगळं ठीक. मी जरा उतरलेय, चांगलंच झालं. लग्नातली पोलकी परत बसायला लागलीत, काका म्हणतात, आता मला तुला परत बघायला यावं लागेल. दुपारी मात्र फार थकायला होतं. पूर्वी दोन बादल्या धुणं एका दमात व्हायचं, आता मध्ये स्टुलावर बसते.

हे तुला लिहिणार नव्हते, पण आता सगळं बरं झालंय म्हणून लिहिते. फेब्रुवारीत दोनदा लघवीला लालसर झालं. दुखलं-खुपलं काही नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, सोनोग्राफी करून घ्या, चिठ्ठी लिहायला लागले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, डॉक्टर, ती झालीय. माझ्या भाचीनंच केली, मोठ्या कॉलेजात, काही नाही, डावीकडे फक्त उंट आहे, तो जन्माचा. तेही हसले. म्हणाले, मग जंतू असतील, आणि गोळ्या दिल्या. पाच दिवसांत पाणी स्वच्छ. बघ, तुझं शिक्षण आत्तापासूनच घराला उपयोगी पडतंय.

मार्चमध्ये परत एकदा झालं, पण थोडंच. उरलेल्या गोळ्या होत्या, त्या घेतल्या.

तू चेहऱ्याचं लिहिलंस. माझ्यासमोर तुझा चेहरा कधी शिकू नकोस. तू लहानपणी चोरून साखर खाल्लीस की तुझ्या कानांना आधी कळायचं, लाल व्हायचे. ते तसंच राहू दे.

मावशी

*

९ एप्रिल

मावशी,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जा आणि ती चिठ्ठी मागून घे. सोनोग्राफी करून घे. या आठवड्यातच. लालसर परत झालं का? किती वेळा? वजन किती उतरलंय, आकडा लिही. डाव्या कुशीवर झोपताना काही टोचतं का?

मी सप्टेंबरमध्ये शिकाऊ होते. फक्त काळं-पांढरं चित्र काढायला आलं होतं. रक्त कुठून कसं वाहतं ते रंगात बघायचं असतं, ते मी फेब्रुवारीत शिकले. म्हणून म्हणते, ती तपासणी धरू नकोस. कागदावर लिहिलंही होतं की ती तपासणी नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. फक्त जा.

इथे सगळं ठीक. जूनमध्ये परीक्षा. मशीनच्या कंपनीची माणसं आली होती, पास झाल्यावर भेटा म्हणाली. हृदयाच्या विभागातही विचारतायत. मला काहीच सुचत नाही.

जाच. नक्की जा.

चिंगी

*

२४ एप्रिल

चि. चिंगीस आशीर्वाद.

पत्र इतकं लहान आणि इतकं घाईत, मला आधी वाटलं तूच आजारी आहेस. आकडा विचारलास म्हणून वाण्याच्या काट्यावर उभी राहिले. सहा किलो कमी. वाणी म्हणाला, मावशी, तुम्ही आता पोत्यापेक्षा हलक्या.

तू फार नम्र झालीस. ‘मी शिकाऊ होते’ काय, ‘ती धरू नकोस’ काय! बाईंनी सही केली होती ना? शिकणाऱ्यानं स्वतःला कमी लेखावं हे चांगलंच, पण मावशीला ते पटायला नको का? तू पुढं शिकत गेलीस की मागचं सगळं कच्चं वाटतं, एवढंच आहे. माझं पहिलं विणकाम बघून मलाही आता लाज वाटते, पण तो स्वेटर काकांनी आठ थंड्या घातला.

तरी तू म्हणतेस म्हणून करीन. पण तुझ्याच हातून. परक्या मुलीसमोर पोट उघडं टाकून पडायचं आणि तिनं तोंड मिटून बसायचं, नको ते मला. तू तरी बोलतेस. जूनमध्ये परीक्षा होते ना? जुलैत तू सुटीवर ये किंवा मी तिकडे येते, सावकाश बघ. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशनही मेमध्ये आहे, ते आधी होऊ दे. देवानं इतकी वर्षं सांभाळलं, दोन महिने काय जड आहेत त्याला?

लालसर या महिन्यात तीनदा. टोचतं थोडं, पण डावीकडे उशी घेतली की नाही टोचत.

मावशी

*

५ मे

मावशी,

मी तीन पत्रं लिहून फाडली. परवा फोनही केला होता. काकांनी उचलला, ‘‘ती प्रार्थनेला गेलीय, काय सांगू?’’ म्हणाले. मी तोंड उघडलं आणि ‘‘सहजच केला’’ म्हणून ठेवून दिला. निघून आले असते, पण इस्पितळाचा एक दिवस बुडाला तरी सत्र धरत नाहीत. असा विचार मी केला, हे लिहितानाच मला माझी लाज वाटतेय.

आता सरळ लिहिते. हे तू बसून वाच.

तो उंट नव्हता.

मला मार्चपासून संशय आहे आणि तुझ्या एप्रिलच्या पत्रापासून खात्री. मार्चमध्ये आम्हाला किडनीच्या गाठी शिकवल्या. त्या दिवशी खोलीवर येऊन मी ती छापील पट्टी काढली. मदार असते तेव्हा तिचा पोत बाकीच्या किडनीसारखाच असतो. तुझ्या चित्रात तो वेगळा आहे, थोडा उजळ, आणि कडेनं एक बारीक रेघ आहे. सप्टेंबरमध्येही ती होती. मला दिसली नाही, कारण मला उंट हवा होता. रकाना भरायचा होता. तुला ‘‘दीर्घ श्वास घ्या, धरून ठेवा’’ असं मी एकदाच सांगितलं, तू हसायला लागलीस, आणि मनासारखं चित्र आल्यावर मी पुढे बघितलंच नाही. बाईंना हाक मारली असती तर त्यांनी प्रोब फिरवून बघितलं असतं. त्यांना फक्त मी थांबवलेलं चित्र दिसलं.

मी अजून डॉक्टर नाही, तंत्रज्ञही नाही. मी चुकत असेन, अशी रोज आशा करते. पण तू जुलैपर्यंत थांबू नकोस. माझ्या हातून तर नकोच.

एक काम तुझ्याशिवाय कुणी करू शकणार नाही. पत्रासोबत ती पट्टी आहे. तिच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा आहेत. मला मोजायचा धीर झाला नाही, पण त्यावरून डॉक्टरांना तेव्हा ते केवढं होतं ते मोजता येईल. आता केवढं आहे आणि आठ महिन्यांत किती वाढलं, यावर ते पुढचं सगळं ठरवतील. हे एकच चित्र आहे. सरावाची चित्रं मशीनमधून सहा महिन्यांनी पुसतात. झेरॉक्स काढायला गेले, तर असल्या पट्टीची झेरॉक्स नुसती काळी येते.

पट्टीवर तारीख आहे आणि माझा विद्यार्थी क्रमांक. डॉक्टर विचारतील हे कुणी काढलं. सांग. काही लपवू नकोस. मला काय व्हायचं ते होऊ दे.

चिंगी

*

१७ मे

चि. चिंगीस आशीर्वाद.

गेले होते. तू सांगितलंस म्हणून गेले, काकांना फक्त ‘तपासणी’ म्हटलं.

मोठ्या दवाखान्यात तुझ्याच वयाची एक मुलगी होती. हात गार होते तिचे, पण जेल आधी तळहातावर घेऊन मग लावलं. उजवीकडे बघताना विचारत होती, मावशी कुठून आलात, मुलं किती. डावीकडे आली आणि गप्प झाली. पापणी हलली नाही. मग म्हणाली, ‘‘डॉक्टरांना एकदा बघू दे हं.’’ मी म्हटलं, ‘‘बघू दे बाळ. तू पुस ते, तुझा खांदा दुखत असेल.’’ ती माझ्याकडे बघतच राहिली.

आजपर्यंतच्या तुझ्या पत्रांनी माझं नुकसान केलं म्हण किंवा भलं. मला डॉक्टर येण्याआधीच कळलं होतं.

दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. भले वाटले. कागदावर चित्र काढून दाखवलं. डावीकडे गाठ आहे, आणि उजवी किडनी जन्मापासूनच लहान, तिच्यावर फार भार टाकता येणार नाही. म्हणाले, गाठ सावकाश वाढणारी असेल तर तेवढीच काढून बाकीची वाचवायचा प्रयत्न करू. वेगानं वाढत असेल तर डावी किडनी अख्खी काढावी लागेल, आणि मग उजवीला झेपेल की नाही सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, ‘‘आजी, आधी कधी सोनोग्राफी केली होती का? जुनं एखादं चित्र?’’

पट्टी माझ्या पिशवीत होती.

चिंगे, मी ‘नाही’ म्हटलं.

त्यांनी परत विचारलं, आठवून बघा, खूप उपयोग होईल. मी परत नाही म्हटलं. आयुष्यात देवाला साक्षी ठेवून मी खोटं बोलले नव्हते, त्या दिवशी दोनदा बोलले. घरी येऊन त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, हे माझ्या नावावर लाव, पोरीच्या नको. तिचा नंबर आहे त्याच्यावर. तो एकदा कागदात लागला की तिला कुणी मशीनला हात लावू देणार नाही. दोन वर्षं गेली, खांदा गेला, आणि चार वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे ती.

काकांच्या हाती लागू नये म्हणून पट्टी मी फाडली. अगदी बारीक तुकडे केले.

बाईंना काही बोलू नकोस. परीक्षा दे. तू पास झालीस की माझ्यासारख्या किती बायकांचं नीट होईल, तू एकदा चुकलीस ती आता कधी चुकायची नाहीस. ऑपरेशन २६ तारखेला आहे. किती काढायचं ते आत बघून ठरवू म्हणाले डॉक्टर.

मला राग आलेला नाही. फक्त रात्री उशी डावीकडे घेतली तरी आता टोचतं.

मावशी

*

२० मे

मावशी,

तुझं पत्र आत्ता मिळालं, दुपारच्या टपालानं.

मी बाईंना आठ तारखेलाच सांगितलं. पत्र पेटीत टाकलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी नोंदवही काढली, तो रकाना उघडला आणि स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, ‘‘चूक तुझी एकटीची नाही. पण वर कळवावं तर लागेल.’’ या वर्षीच्या परीक्षेच्या यादीतून माझं नाव काढलंय. पुढच्या वर्षी बसू देतील की नाही ते समिती ठरवेल. बाईंचंही काय होईल ते माहीत नाही.

म्हणजे तू नाही म्हणालीस तेव्हा लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आठ तारखेलाच तुला एक ओळ लिहिली असती तर! मला वाटलं, तुला आणखी एक काळजी कशाला.

काल, हे पत्र यायच्या आधीच, मी काकांना फोन करून दवाखान्याचं नाव विचारलं आणि बाईंनी तुमच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. मी त्यांना म्हटलं, मावशीनं चित्र दाखवलं असेल. ते म्हणाले, ‘‘त्या तर कधी तपासणीच झाली नाही म्हणाल्या.’’ मी म्हटलं, झाली होती, सप्टेंबरमध्ये, मी केली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘तेव्हा आकार किती होता?’’

मी मशीनच्या खोलीत जाऊन बघून आले. सप्टेंबरचं काही नाही. नोंदवही परत मागून घेतली, त्या रकान्यात मी इतकंच लिहिलंय: ‘डावी किडनी, उंटाची मदार, निरोगी.’ पुढे आकडा नाही. जे निरोगी ते मोजायचं नसतं, असं आम्हाला शिकवलंय. मोजायचं ते आजाराला. डोळे मिटून मी ते चित्र पुन्हा बघायचा प्रयत्न केला. मला कड दिसते, तुझं हसणं ऐकू येतं, खुणा दिसत नाहीत. मी डॉक्टरांना परत फोन करून म्हटलं, ‘‘लहान होतं.’’ ते म्हणाले, ‘‘लहान म्हणजे?’’

उद्या सकाळच्या बसनं निघतेय. इस्पितळाच्या दिवसांचं आता कुणी विचारणार नाही. सव्वीसपर्यंत तुझ्याजवळ आहे, नंतरही आहे. तुझी उशी कशी ठेवायची ते मला दाखव.

चिंगी